फातोर्डा ते अंधेरी

2020 ची चवथ मी मुंबईत काढली. त्या वर्षी फोंड्याला जाणं शक्यच नव्हतं, म्हणून भावाने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आधी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली धरला. आंबाडे, तोरिंगं, सुपारीची शिंपटी, नारळाच्या पेंडी, सगळं खालून वर दिसत होतं, आणि मागे वहिनीची भांडी वाजत होती. अंधेरीतल्या माझ्या खोलीत बाहेरच्या पावसाचा वास होता, पण माटोळीचा तो ओला, हिरवट, किंचित उग्र वास फोनमधून येत नाही. मग फोन हातातून हातात फिरत भाच्याकडे गेला. अकरा वर्षांचा पोरगा, सणाच्या दिवशीही अंगात एफसी गोवा या फुटबॉल क्लबची नारिंगी जर्सी. चवथीचं काही न बोलता त्याने सरळ विचारलं, "आत्या, आता तू खूश असशील ना? सगळे तुझ्याकडेच चाललेत."

सगळे म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. गोव्याचे खेळाडू आणि त्यांचे आधीचे प्रशिक्षक मुंबई सिटी या क्लबकडे चालले होते, त्या पावसाळ्यात घराघरांत तीच नावं चालली होती. तो टोमणा मारत नव्हता. आत्या मुंबईत राहते, म्हणजे मुंबई सिटीचा संघ आत्याचा, इतका सरळ त्याचा हिशेब. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने फोन घेतला आणि उकडीच्या नेवऱ्या कशा झाल्यात ते सांगू लागली. तो प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला. खूश? मला त्या दिवशी खूश होता येत नव्हतं आणि धड रागावताही येत नव्हतं.

त्याच वर्षीच्या 19 फेब्रुवारीची रात्र आठवते. जमशेदपूरला गोव्याचा साखळीतला शेवटचा सामना. 5-0. पहिला गोल कोरोने केला, मग बराच वेळ एकावरच अडून राहिलेला खेळ शेवटच्या वीसेक मिनिटांत असा फुटला की भाऊ आणि मी फोनवर एकमेकांना नीट ऐकूही येत नव्हतो. बूमूस, जॅकीचंद, फॉल, पुन्हा बूमूस. 18 सामन्यांत 39 गुण आणि 46 गोल. त्या वर्षीपासून साखळीत पहिला येणाऱ्याला शील्ड मिळणार होती, आणि तिच्याबरोबर आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जागा. भारतातला कुठलाही क्लब तोवर तिथे पोचला नव्हता. गोव्याचा क्लब पहिला पोचला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना जानेवारीच्या अखेरीस, संघ तक्त्यात वर असताना दूर केलं होतं, म्हणून उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडाने सांभाळले. क्लिफर्ड आमचा, गोव्याच्या जुन्या डेम्पो क्लबचा. त्यात घरच्या मैदानावर मुंबईला 5-2 हरवलेलं. आठवडाभर मी ऑफिसात तोच आकडा मिरवत होते.

जमशेदपूरच्या त्या पाच गोलांपैकी एकही गोल करणारा पुढच्या हंगामात गोव्याकडे नव्हता.

फेरान कोरोमिनास, आमचा कोरो, आयएसएलमध्ये म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये 57 सामन्यांत 48 गोल करून स्पेनला परत गेला. जॅकीचंद जमशेदपूरला गेला. लोबेरा मुंबई सिटीला गेले, आणि त्यांच्या मागेपुढे मोर्तादा फॉल, अहमद जाहू, मंदार राव देसाई, आणि करार शिल्लक असतानाही ह्यूगो बूमूस. फॉल म्हणजे उंच सेनेगाली बचावपटू. कॉर्नर मिळाला की तो सावकाश चालत पुढे जायचा आणि आमच्या घरच्या मैदानाचा, मडगावजवळच्या फातोर्ड्याचा स्टँड आधीच उभा राहायचा. जाहू मधल्या फळीत कमरेवर हात ठेवून उभा असल्यासारखा वाटायचा, आणि मग एकदम त्याच्या पायातून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला चेंडू जायचा, तो नेमका मंदारच्या पुढ्यात पडायचा. माझ्या भावाला जाहूचे गोल आठवत नाहीत. त्याला त्या चेंडूचा हवेतला वेळ आठवतो. तेवढ्या वेळात स्टँडमध्ये कुणी बोलायचं नाही, असं तो सांगतो.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मंदारचं जाणं. परदेशी खेळाडू येतात-जातात, हे मनाने केव्हाच धरून ठेवलेलं असतं. मंदार 2014 पासून, म्हणजे क्लबच्या पहिल्या हंगामापासून तिथे होता. डेम्पोत घडलेला, डाव्या विंगवर धावणारा मुलगा, त्याला लोबेरांनी मागे ओढून लेफ्ट बॅक केला, आणि तिथून तो 2019 मध्ये भारतीय संघात गेला. 2015 ची फायनल फातोर्ड्यालाच झाली होती. नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-1 पुढे असलेला गोवा चेन्नईयिनकडून 3-2 हरला, त्या रात्री मी मैदानात होते. बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रस ऑमलेटच्या गाड्यावर तवा तापलेला, कांदा कापून ठेवलेला, गिऱ्हाईक समोर उभं, आणि गाडेवाला नुसता मैदानाच्या दिशेने बघत होता. त्या रात्रीपासून पुढचं सगळं ज्यांच्याबरोबर पाहिलं, त्यांतला मंदार एक. 2019 ची मुंबईतली फायनलही त्यातलीच. जादा वेळेत मुंबईच्याच राहुल भेकेने बेंगळुरूसाठी डोक्याने गोल केला आणि मी अंधेरीच्या स्टँडमध्ये नारिंगी जर्सी घालून खाली बसले.

बाकीच्यांनी त्या पावसाळ्यात "पैशासाठी गेले" म्हणून टाकलं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाची कमावण्याची वर्षं फार थोडी. मंदार तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, लेफ्ट बॅकच्या पायांना अठ्ठावीस म्हणजे दुपार कलायला लागली. त्या वयात चांगला करार समोर आला आणि ज्याने आपल्याला नव्याने घडवलं तो प्रशिक्षकही तिथेच असला, तर कुणी जाऊ नये? मी स्वतः फोंड्याहून मुंबईला नोकरीसाठी आले तेव्हा आईने डोळे पुसले आणि बाबांनी कदंबच्या गाडीत बॅग चढवून दिली. गावात कुणी माझी जर्सी जाळली नाही. गोव्याची माणसं मुंबईला जातच आली आहेत. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत, तारवटी खलाशी पुढच्या बोटीची वाट बघत राहायचे. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई मुंबईत गायल्या. त्यांच्या नावापुढे केरकर आणि कुर्डीकर राहिलं, गाणं ऐकायला लोक मुंबईत जमले. आम्हाला त्याचा अभिमानच वाटतो. मग मंदारच्या वेळी पोटात का दुखावं, हे मी त्या चवथीला रात्री उशिरापर्यंत स्वतःला विचारत होते.

मला वाटतं, उत्तर सॅलरी कॅपमध्ये आहे. आयएसएलमध्ये एका हंगामात एका क्लबाने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करायचा याला वरची मर्यादा असते, त्या काळात ती 16.5 कोटी रुपये होती. यामागचा हेतू मला मनापासून मान्य आहे. ज्याचा मालक गडगंज, त्यानेच दरवर्षी जिंकावं, असं होऊ नये. गोव्यासारख्या पंधरा-सोळा लाख वस्तीच्या राज्यातला क्लब मुंबई-कोलकात्यासमोर बरोबरीने उभा राहावा, तर अशी काहीतरी भिंत हवीच. म्हणून वाटायचं, मुंबईकडे कितीही पैसा असो, त्यांनाही तेवढेच खर्च करता येणार, मग आपली माणसं आपल्याकडेच राहतील. कॅप आपल्यासारख्यांच्या बाजूची आहे, असा माझा समज होता.

त्या पावसाळ्यात कळलं की ही मर्यादा सगळ्यात जास्त आवळते ती जिंकलेल्या संघाला. संघ जिंकतो तेव्हा एका खेळाडूची किंमत वाढत नाही, सगळ्यांची एकदम वाढते. बूमूस 11 गोल आणि 10 असिस्ट करून स्पर्धेतला सर्वोत्तम ठरतो. फॉलकडे सगळ्या क्लबांचं लक्ष जातं. लेफ्ट बॅक देशाकडून खेळून येतो. मग करार संपत आले की प्रत्येक जण वाढीव आकडा मागतो, आणि तो रास्तच असतो. पण बेरीज तेवढीच ठेवायची. म्हणजे सातवा पगार वाढवायचा तर अकरावा माणूस सोडायचा, आणि अकराव्याला धरलं तर सातवा जातो. त्यातच ते वर्ष साथीचं, तिकीटविक्रीचा एक रुपया येण्याची आशा नव्हती. गोव्याच्या बाजूने हे चाललेलं असताना मुंबई पाचवी येऊन प्ले-ऑफ चुकलेली. हरलेल्या संघाचे करार मोकळे होतात आणि वहीत जागा होते. मर्यादा दोघांनाही सारखीच, पण एकाची पाटी भरलेली आणि दुसऱ्याची कोरी. शिवाय पगाराच्या बेरजेत न येणाऱ्या गोष्टी असतात. नोव्हेंबर 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला होता. मँचेस्टर सिटीच्या घराण्यातलं नाव करारावर असणं, त्यांची मैदानं, त्यांची माणसं, त्यांची पुढची दारं, याला कुठल्या रकान्यात टाकणार? आणि लोबेरा स्वतः. जाहू आणि फॉल 2023 मध्ये त्यांच्या मागून ओडिशालाही गेले, पुढच्या वर्षी बूमूसही ओडिशात पोचला. त्या माणसावर खेळाडूंचा किती जीव होता, हे त्यातून दिसतं. जीव लावण्यावर कुणी मर्यादा घालू शकत नाही, घालूही नये.

बाबांच्या काळी हे वेगळं होतं. डेम्पो, साळगावकर, चर्चिल, स्पोर्टिंग. खाणवाल्यांचे आणि व्यापाऱ्यांचे क्लब, आणि पोरं म्हापशाची, वास्कोची, सासष्टीची. डेम्पोने राष्ट्रीय पातळीवरची साखळी पाच वेळा जिंकली, आणि त्या संघातले क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी वर्षानुवर्षं त्याच जर्सीत दिसायचे. बाबा सामन्याला निघताना संघात कोण आहे हे पेपरात बघायचे नाहीत, गेल्या वर्षी जे होते तेच असणार. मी त्या दिवसांचं उगाच कौतुक करणार नाही. मालकाच्या मर्जीवर चालणारं ते जग होतं, आणि खेळाडूच्या हातात फारसं काही नव्हतं. 2016 मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले तेव्हा बाबांनी मडगावला जाणंच सोडलं. एफसी गोवाचे सामने त्यांनी टीव्हीवर पाहिले, पण जेवता जेवता. मंदार डेम्पोतून आलेला म्हणून त्याचा सामना मात्र खुर्ची पुढे ओढून बघायचे. तो मुंबईला गेल्याचं भावाने सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "खेळू दे त्याला. पाय आहेत तोवर खेळू दे."

मग तो विचित्र हंगाम आला. साथीमुळे सगळ्या संघांना गोव्यात आणून बंद ठेवलं, 115 सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर झाले, आणि गोव्याच्या माणसाला आत पाऊल टाकता आलं नाही. भाऊ सांगायचा, मडगावला कामाला गेलं की दिव्यांचा उजेड दिसतो, खेळाडूंच्या हाका ऐकू येतात. मी इथे टीव्हीसमोर. मुंबईचा खेळ मला इतका ओळखीचा वाटत होता की त्रास व्हायचा. जाहूचा तोच लांब चेंडू, डावीकडून मंदारची तीच धाव, कॉर्नरला फॉलचं तेच सावकाश चालणं, आणि जर्सी निळी. पायांना ओळखायचं आणि रंगाला नाकारायचं, हे डोळ्यांना जमत नाही. मंदार चेंडू घेऊन निघाला की माझं अंग सवयीने पुढे झुकायचं, आणि मग आठवायचं की समोर आपलं गोलपोस्ट आहे.

सेमीफायनलला नेमके हेच दोन संघ आले. पहिला सामना 2-2. मुंबईचे दोन्ही गोल कोणी केले? बूमूसने आणि फॉलने. फॉलने गोल केला तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला. पण त्याच सामन्यात सेव्हियर गामाने बॉक्सबाहेरून जो गोल मारला, तो मी आजवर किती वेळा पाहिलाय सांगता येणार नाही. मंदार गेल्यावर डाव्या बाजूला जी पोरं उभी राहिली त्यांतला हा एक. जागा रिकामी झाली म्हणून त्याला मिळाली, हेही खरंच. तेही कॅपचंच देणं म्हणावं लागेल. दुसरा सामना 0-0, मग पेनल्ट्या, आणि मुंबई 6-5 ने पुढे. शेवटची पेनल्टी मारली रॉलिन बोर्जेसने. तोही गोव्याचाच. भाच्याचा त्या रात्री फोन आला नाही. मुंबईने शील्डही जिंकली आणि कपही. माझ्या इमारतीत फटाके वाजले नाहीत, कुणाला पत्ताच नव्हता. खाली उतरून सांगावं की काल तुमच्या शहराने काय मिळवलंय ते तुम्हाला माहीत तरी आहे का, असं मला फार वाटलं. ज्या गोष्टीसाठी फोंड्यात पोरं जेवली नव्हती, ती इथे कुणाच्या गावीही नव्हती. माझा सगळा राग तिथे येऊन थांबला. मंदारवर नाही, मुंबई सिटीवरही नाही, या न जाणवण्यावर.

एप्रिलमध्ये आशियाची चॅम्पियन्स लीग फातोर्ड्यालाच झाली. जागा मिळवून देणारे जवळजवळ सगळे गेलेले, आणि ती जागा खेळायला नवा संघ, हुआन फेरांडो प्रशिक्षक. समोर लॉरां ब्लाँच्या हाताखालचा कतारचा अल रय्यान, अबू धाबीचा अल वहदा, इराणचा पर्सेपोलिस. पहिल्या दोन सामन्यांत धीरज सिंगने गोलात जे केलं, त्याने 0-0, 0-0. पर्सेपोलिसविरुद्ध मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसची फ्री किक आणि एदू बेदियाचं डोकं, त्या स्पर्धेच्या गटफेरीत भारतीय क्लबाचा पहिला गोल. सामना हरलो, पण गटात शेवटचे आलो नाही, तीन बरोबरींचे तीन गुण घेऊन अल रय्यानच्या वर राहिलो. स्टँड रिकामे होते. मला तेव्हा मंदारची फार आठवण आली. या सामन्यांवर त्याचा हक्क होता. त्याने तो कमावला होता, आणि त्याच्याशिवाय तो वापरला गेला.

त्यानंतर हे थांबलं नाही. त्या हंगामात 14 गोल करून गोल्डन बूट मिळवणारा इगोर अंगुलो पुढच्या वर्षी मुंबईला. फेरांडो हंगाम अर्ध्यावर टाकून कोलकात्याला. अल्बर्तो नोगुएरा 2022 मध्ये मुंबईला. आणि 2024 मध्ये ब्रँडन. सात वर्षं गोव्यात खेळलेला, कर्णधार, मडगावचा पोरगा. तोही अंधेरीला, मुंबई सिटीकडे. आता भाचा मोठा झालाय, तो असे प्रश्न विचारत नाही. यादी वाचतो आणि कोण आत आलं तिकडे आधी बघतो. हे त्याने स्वतःच शिकून घेतलं. त्याचं मला कौतुक वाटतं आणि वाईटही वाटतं. अकरा वर्षांच्या मुलाने एका खेळाडूवर जीव टाकावा आणि तो खेळाडू निदान त्याची शाळा संपेपर्यंत तिथे असावा, एवढं तरी खेळाने द्यायला हवं.

हे देता येतं. कॅप ही कल्पना जिथे मुरली त्या अमेरिकेत एनबीएच्या बास्केटबॉलमध्ये तशी सोय आहे. खेळाडू आपल्या संघात तीन हंगाम राहिला असेल, तर त्याचा करार वाढवताना संघाला मर्यादा ओलांडता येते. बाहेरून माणूस आणताना नाही, आपला माणूस राखताना. लॅरी बर्डच्या नावाने ती ओळखली जाते. त्यांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये 1994 पासून कॅप आहे आणि ती सोय नाही, म्हणून तिथे दर मार्चला जिंकलेले संघ उसवलेले दिसतात. म्हणजे मर्यादा कशी आखायची हे माणसंच ठरवतात. जो क्लब एखाद्या खेळाडूला पाच-सात वर्षं वाढवतो, त्या खेळाडूचा पगार बेरजेत निम्माच धरावा. एवढा एक नियम असता तर मंदार राहिलाच असता असं मी म्हणत नाही. लोबेरांचं बोलावणं होतं, मुंबई होती, त्याची स्वतःची इच्छा होती. पण गोव्याला त्याच्यापुढे दोन्ही हात मोकळे ठेवून बसता आलं असतं, आणि तो गेला असता तरी ते त्याला जायचं होतं म्हणून, क्लबाला परवडत नाही म्हणून नव्हे, हे भाच्याला सांगता आलं असतं.

ऑक्टोबर 2025 मध्ये सौदी अरेबियाच्या अल नासरचा संघ फातोर्ड्याला आला होता. रोनाल्डो आला नाही, पण स्टँड भरले होते. गोवा 2-1 हरला, आणि गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिसने केला. गोव्याचा पोरगा, त्याआधीच्याच हंगामात आयएसएलचा सर्वोत्तम उगवता खेळाडू ठरलेला. गोल झाल्यावर भावाने मैदानातून फोन लावला. बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसता आवाज. मी तो बराच वेळ कानाशी धरून उभी होते, आणि डोक्यात एकच चाललं होतं, की याचा करार कधी संपतो, आणि त्याआधी कुणी हा नियम बदलायला घेईल का.